शिंप्याची झांज आणि संचालकांची बाही

न वाजलेल्या झांजेला शाबासकी मिळाल्याचं मी पाहिलं आहे. पटणार नाहीच कुणाला. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मध्ये खोळंबा नको.

तर एक शिंपी होता. दिवसभर कोट शिवायचा आणि संध्याकाळी वाद्यवृंदात झांज वाजवायचा. वाजवायचा म्हणजे चाळीस मिनिटांच्या रचनेत फक्त एकदा. सगळी वाद्यं चढत चढत जाऊन एकदम गप्प होणार, त्या शांततेत याने झांज आपटायची, की सगळे पुन्हा सुरू. एवढ्यासाठी घरात महिनाभर पातेल्यांच्या झाकणांवर तालीम चालली होती. ऐकून ऐकून बायकोला सगळी रचना पाठ झाली.

सासरे लोखंडाचे व्यापारी. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "जावईबापू, चाळीस मिनिटं उभं राहून एकदा वाजवायचं, हा काय उद्योग झाला? उद्या रेडिओवर थेट कार्यक्रम आहे ना? मी इथेच बसून ऐकणार. तुमची झांज दणक्यात ऐकू आली तर ठीक. नाहीतर परवापासून संध्याकाळी माझ्या दुकानात खिळे जोखायचे."

"आणि झांज?"

"भंगारात. पितळ चांगलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. मी तिसऱ्या रांगेत होतो, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसलं. शिंपी मागे उंचावर उभा. मोजणी चुकू नये म्हणून त्याने कोटाच्या डाव्या बाजूला ओळीने टाचण्या लावल्या होत्या. ठरावीक ठेके झाले की एक टाचणी उजवीकडे. शेवटची सरकली की झांज.

निम्म्या टाचण्या बिनचूक सरकल्या. मग त्याची नजर गेली ती नेमकी समोर हात हलवून वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकांच्या काखेत. कोटाची शिवण उसवली होती! हात वर गेला की आणखी दोन टाके तुटायचे. व्हायोलिनवाले रंगात येत होते, तसतसे संचालकांचे हात उंच जात होते आणि शिंप्याच्या कपाळावर घाम जमत होता.

शेवटची टाचणी सरकली. वाद्यं थांबली. संचालकांनी शिंप्याकडे बघत हात वर फेकला आणि टर्रकन बाही खांद्यापासून सुटली.

शिंप्याने झांज खाली ठेवली आणि खिशातून सुईदोरा काढला.

"अहो, झांज!" शेजारचा ढोलवाला कुजबुजला.

"थांबा हो! आधी टाका घालू दे."

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शेवटी व्हायोलिनवाल्यांनीच अंदाजाने पुढचं सुरू केलं.

कार्यक्रम संपताच संचालक लोंबती बाही घेऊन शिंप्याच्या घरापर्यंत आले. बाही फुकट शिवून घ्यायची आणि त्याला वाद्यवृंदातून काढून टाकायचं, अशी दोन कामं होती. दारात सासरे उभे. डोळे पाणावलेले.

"जावईबापू! काय वाजवलंत हो! अंगावर काटा आला."

"वाजवलं?" संचालक म्हणाले. "यांनी?"

"आपण कोण?"

"मी संचालक. समोरच उभा होतो."

"मग कान कुठे ठेवले होते?"

"कानाशी बाही फाटत होती..."

"तेच म्हणतो मी! तुम्हाला बाही ऐकू आली, आम्हाला झांज. रेडिओला कान लावून बसलो होतो साहेब, खोटं कशाला बोलू?"

संचालकांनी एकदा बाहीकडे पाहिलं, एकदा रेडिओकडे. "रेडिओवर आली म्हणजे... वाजलीच असणार," ते हळूच म्हणाले.

शिंप्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "तुम्ही आधी साहेबांची बाही शिवा बघू."

शिंपी वाद्यवृंदात राहिला. खिळ्यांचं नाव सासऱ्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट, पुढच्या वेळी दोनदा वाजवा म्हणाले.

आता खरं काय ते सांगतो. रेडिओ ज्या भिंतीला टेकवलेला, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर. बायको तिथून कानोसा घेत होती. शांतता झाली, झांज काही येईना, तशी तिने मांडणीवरची दोन झाकणं उचलली आणि जीव खाऊन एकमेकांवर आपटली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. या उजव्या कानात अजून घुमतंय.

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही तर तिसऱ्या रांगेत होतात ना?"