मित्र मिळणेबाबत

निसर्गात प्रत्येक जीवाला खाणारा दुसरा एक जीव नेमलेला असतो, आणि ही नेमणूक मुलाखतीशिवाय झालेली असल्यामुळे ती सहसा योग्य असते. आमच्या कॉफी कीड नियंत्रण कार्यालयाने हे सत्य तीन वर्षांपूर्वी स्वीकारले. त्याआधी आम्ही विष फवारत होतो. विषाने किडे मरत, पण कमी. फवारणारे खोकत, पण जास्त.

म्हणून कीड खाणारे किडे आणायचे ठरले. त्यांना 'मित्रकीटक' म्हणतात. (जो आपल्या शत्रूला खातो तो मित्र. जो आपल्यालाच खातो त्याच्यासाठी 'नातेवाईक' हा शब्द आधीपासून आहे.) पहिल्या वर्षी नऊशे भुंगेऱ्यांना नेमणूक देण्यात आली. पैकी सात रुजू झाले. आठशे त्र्याण्णव खिडकीतून गेले. त्यांना फिरतीवर दाखवले. पुढे खिडकी लावून घेण्याची सुधारणा झाली आणि योजना खरोखरच चालू लागली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अहवालात ते कुठेच नाही.

माझ्या आत्याची उतारावर कॉफीची तीनशे झाडं आहेत. त्यांवर पिठ्या ढेकूण पडला होता. हा किडा म्हणजे पिंजलेल्या कापसाचा ठिपका. फळांच्या घोसात ठाण मांडून रस पितो. लागोपाठ दोन वर्षं फळं गळली होती. यंदाही गळली तर झाडं तोडून टाकायची, असं आत्याने ठरवलं होतं. त्याआधी एकदा विचारून पाहावं म्हणून तिने आमच्याकडे अर्ज केला. विषय : मित्र मिळणेबाबत.

(या विषयाचे एकूण बावीस अर्ज आले. त्यांतले चार नीट वाचल्यावर किड्यांबद्दल नव्हते. त्यांनाही भुंगेरेच पाठवण्यात आले. तक्रार आलेली नाही.)

आवक-जावकचं टेबल माझं, त्यामुळे आत्याचा अर्ज केवळ नऊ दिवसांत शेजारच्या टेबलावर पोचला. भुंगेरे गेले, झाडांवर रमले, त्यांना पिल्लं झाली. अडचण इथे आली. या भुंगेऱ्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. तोच पांढरा रंग, तसाच कापूस. शत्रूच्या घरात त्याच्याच कपड्यांत शिरायचं, ही निसर्गाची युक्ती. ती करताना फॉर्म भरणाऱ्याचा विचार निसर्गाने केलेला नाही.

आमचे साहेब (पाठीमागे फवारेसाहेब) पाहणीला गेले. पूर्वी एका घोसात दहा पांढरे किडे होते, आता चौदा निघाले. त्यांनी शेरा मारला : 'मित्र शत्रूला सामील. शुक्रवारी फवारणी.'

मंगळवारी आत्या एक तोडलेली फांदी घेऊन आली आणि ती तिने साहेबांच्या टेबलावर, बरोबर त्या शेऱ्यावर ठेवली.

"यातली चार पोरं आपल्या भुंगेऱ्यांची आहेत," ती म्हणाली. "ती खातायत बघा."

"दोघंही खातायत," साहेब म्हणाले.

"हा झाडाला खातोय. तो ह्याला खातोय."

"बाई, रकाना 'खातो किंवा नाही' एवढाच आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "अरे, तू इथे करतोस तरी काय?"

"आवक," मी म्हणालो. "आणि जावक."

तिने माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि एकेका किड्याला हळूच टोचली. दहा जागचे हलले नाहीत. चार तुरुतुरु चालू लागले.

"झालं? बसून खातो तो शत्रू. हिंडून खातो तो मित्र."

साहेब हरखले. इतक्या वर्षांत एका ओळीत मावणारं सत्य त्यांच्या टेबलावर प्रथमच आलं होतं. फवारणी थांबली आणि मी परिपत्रक टाईप केलं. मात्र कोणतीही कसोटी लागू करण्यापूर्वी तिची पडताळणी करावी लागते. बाग दोन तासांच्या चढावर आणि कार्यालय पायाखालीच असल्याने पडताळणी कार्यालयात झाली. बुधवारी, डबे उघडल्यानंतर, साहेबांनी प्रत्येकाला पेन्सिल टोचली.

निष्कर्ष असे. टोचलेले : एकोणीस. जागचे न हलता खात राहिलेले : सतरा. हललेले : दोन. (एक पंखा दुरुस्त करायला आला होता. दुसरा चुकून टपाल कार्यालयाऐवजी आमच्याकडे शिरला होता.)

गुरुवारी समिती बसली. (समितीलाही टोचून पाहावं असं कोणी सुचवलं नाही.) सतरा अनुभवी माणसं शत्रू असणं अशक्य, तेव्हा चूक व्याख्येतच असणार, यावर एकमत झालं. व्याख्या सुधारली : जो बसून खातो तो मित्र, जो हिंडतो तो शत्रू, आणि त्याच्यावर फवारणी करावी. हेही मीच टाईप केलं. टाईप करताना आत्याची आठवण आली. पण ओळ अर्ध्यात सोडली तर समास बिघडतो.

शुक्रवारी सकाळी आत्याचा फोन आला.

"अरे, पंप घेऊन आलेत. चालणाऱ्या किड्यांवरच मारणार म्हणतात. वर येतोस का? कार्यालयाचा माणूस सांगेल तेव्हाच थांबू, असं म्हणतायत."

दोन तासांचा चढ. हजेरीवर सही झालेली. समोर डबा उघडा.

"आत्या," मी म्हणालो, "इथूनच बघतो काहीतरी."

पलीकडे पंपाचा आवाज सुरू झाला. मला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या आत्याने आयुष्यात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं.

"बरं," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

त्या चार अळ्यांची बागेतली सगळी भावंडं दुपारपर्यंत मेली. आता आत्याच्या बागेत शंभर टक्के मित्र आहेत, आणि फळ एकही नाही. आमच्या कार्यालयाला या कामाबद्दल ढाल मिळाली. कुऱ्हाड आत्याने शेजाऱ्यांकडून आणली.

वाचक म्हणून आपण आत्यासाठी हळहळलात, हे आम्हाला समजलं आहे. हळहळलात, पण हलला नाहीत, याचीही नोंद घेतली आहे. अभिनंदन. सुधारित व्याख्येनुसार आपण मित्र आहात.