सासूबाईंचा मुटकू आणि माझे आठ दिवस

‘रानसखे’ या गेमबाबत मला कोणी काही शिकवू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो. पहिला भाग आला तेव्हा मी नववीत होतो आणि सहावा आला तेव्हा मला टक्कल पडायला लागलं होतं. मधली सगळी वर्षं मी रानंवनं तुडवत, म्हणजे पलंगावर पालथा पडून, प्राणी पकडत होतो. कोणता प्राणी दलदलीत सापडतो, कोणाला काय खाऊ घातलं की तो आपला होतो, सगळं तोंडपाठ! बायकोचा फोन नंबर मात्र अजून बघून सांगतो.

माझा आवडता भाग तिसरा आणि आवडता प्राणी ढेकळ्या. हा मातीच्या ढेकळासारखा दिसतो आणि दिवसभर झोपतो. त्याचा एकमेव डाव म्हणजे उठून बसणं. पण तो उठून बसला की समोरच्याची पाचावर धारण बसते. “तुला तोच का आवडतो, हे दिसतंच आहे,” असं बायको म्हणते. मी तिकडे लक्ष देत नाही.

या विषयावर माझ्याशी वाद घालू शकेल असं घरात एकच माणूस आहे. माझ्या सासूबाई! वय एकोणसत्तर. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून त्यांनी आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकेक कन्सोल घेतला आणि दोघंही या खेळात आकंठ बुडाले. आप्पांना जाऊन आता चार वर्षं झाली, पण सासूबाईंचा खेळ चालूच आहे. त्यांच्या मते तिसरा भाग पोरकट असून खरा खेळ पाचव्यापासून सुरू होतो. यावरून आमचं दोनदा चांगलंच वाजलंय.

सासूबाईंनी औषधांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं गोळ्या तपासायचं काम केलं. समोरून हजारो गोळ्या सरकत जायच्या आणि त्यांतली टवका उडालेली एक त्या बरोबर उचलून बाजूला टाकायच्या. मी लग्नात पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे त्याच नजरेनं बघितलं. पुढे मी बसवलेला पडद्याचा दांडा त्यांच्याच मैत्रिणीच्या डोक्यात पडला आणि त्यांची खात्री पटली. अकरा वर्षांत त्यांनी मला एकही काम सांगितलेलं नाही.

त्यामुळे गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्यावर त्यांनी आपला कन्सोल माझ्या हातात ठेवला, तेव्हा मला गहिवरूनच आलं.

“डॉक्टरांनी आठ दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “प्राण्यांना रोज खाऊ घालावा लागतो, नाहीतर रुसून निघून जातात.”

“ते मला ठाऊक आहे, आई.”

“ठाऊक असेल. तरी सांगते. फक्त खाऊ घालायचा. लढाई खेळायची नाही. बाकी कशाला हात लावायचा नाही. विशेषतः मुटकूला.”

“तुम्ही निश्चिंत राहा, आई,” मी छातीवर हात ठेवून म्हणालो. या आठ दिवसांत एक काम धड करून दाखवायचं आणि अकरा वर्षांचा डाग धुऊन काढायचा, असं मी मनाशी पक्कं ठरवलं.

मुटकू हे सासूबाईंनी ठेवलेलं नाव. प्राण्याची जात फुगरू. उशीएवढा गोल, आखूड पायांचा, मान वाकडी करून टुकूटुकू बघणारा. तीन दिवस मी इमानेइतबारे त्याला खाऊ घातला. संध्याकाळी डोळ्यांवर काळा चष्मा चढवून बसलेल्या सासूबाई विचारायच्या, “मुटकू जेवला का?” आणि मी म्हणायचो, “जेवला.” घरात इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच नांदत होती.

चौथ्या दिवशी माझ्यातला जाणकार जागा झाला. फुगरू लेव्हल वीसला वाढतो आणि त्याचा दांडगोर होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि हा मुटकू चाळिसाव्या लेव्हलवर अजून लहानच! म्हटलं, म्हातारीला बिचारीला हे जमलेलं दिसत नाही. आपण करून ठेवू. डोळ्यांवरचा चष्मा निघेल तेव्हा समोर हा भलाथोरला दांडगोर! मग बघू, कोण कोणाला बाजूला टाकतं.

एकच लढाई खेळलो. मुटकू एक्केचाळीसला गेला. ‘मुटकू वाढतोय. वाढू द्यायचं?’ असं विचारलं गेलं आणि मी झोकात ‘हो’ दाबलं. लख्ख उजेड झाला आणि त्यातून कपाटाएवढ्या छातीचा, दोन सुळ्यांचा, कपाळाला आठ्या घातलेला दांडगोर बाहेर आला. मी दोनदा सेव्ह केलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कौतुकानं बायकोला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो.

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. “हा मुटकू आहे?”

“होता.”

“अरे, काय केलंस हे? तो आप्पांनी पकडलेला आहे. शेवटच्या आजारपणात, अंथरुणावर पडल्या पडल्या. पकडला आणि आईला दिला. तेव्हापासून जितक्यांदा तो वाढायला निघाला तितक्यांदा आईनं ‘नाही’ दाबलंय.”

“का पण?”

“तिला तो तसाच हवा असेल, आप्पांनी दिला तसा. मी काय विचारणार तिला?”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. या खेळात वाढलेला प्राणी पुन्हा लहान होत नाही. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “मुटकू जेवला का?”

“जेवला,” मी म्हणालो. मला खरंच रडू येत होतं. पडद्याचा दांडा परत बसवता येतो, पण गेलेल्या माणसाची आठवण कुठून आणून बसवणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. आमची लिफ्टदुरुस्तीची कंपनी आहे. मी तक्रारींचे फोन घेतो आणि मेकॅनिक पाठवतो. सगळ्यांत जुन्या मेकॅनिकला आम्ही मास्तर म्हणतो. तोही ‘रानसखे’वाला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्यापुढे सगळं ओकलो.

“त्यात काय,” मास्तर डबा उघडत म्हणाला, “माझ्याकडे फुगरू ढिगानं आहेत. एक घेऊन जा.”

“चालायचं नाही. प्राण्याच्या कार्डावर ‘प्रथम पकडणारा’ म्हणून नाव येतं. तिथे ‘आप्पा’ लागेल. सासूबाईंनी आयुष्यभर गोळ्या तपासल्यात.”

मास्तरचा घास हातातच राहिला. “नाव बदलायचं तर नवा खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागेल.”

“मग करू या.”

मास्तरनं घरून त्याचा जुना कन्सोल आणला. ‘तुझं नाव काय?’ या प्रश्नाला आम्ही ‘आप्पा’ असं उत्तर दिलं आणि कामाची वाटणी केली. दलदलीपर्यंत पोचून फुगरू पकडायचं काम मास्तरचं. मग त्याला बळफळं खाऊ घालून एकेक लेव्हल चढवायची ती आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी, कारण त्यांच्या बोटांची चूक होत नाही. विसाव्या लेव्हलनंतर प्रत्येक फळाला तो ‘वाढू द्यायचं?’ असं विचारणार आणि प्रत्येक वेळी ‘नाही’ दाबायचं. मला कशालाही हात लावायचा नाही असं दोघांनी एकमतानं ठरवलं.

पहिला फुगरू अडतिसाव्या लेव्हलला होता तेव्हा टायपिस्टबाई पाणी प्यायला उठल्या. “तेवढं धरा,” म्हणाल्या. मी धरलं. माझा फोन वाजला. फोन घ्यायला म्हणून अंगठा हलवला आणि लख्ख उजेड झाला!

टायपिस्टबाईंनी माझ्या हातातून कन्सोल काढून घेतला आणि माझी खुर्ची दाराबाहेर नेऊन ठेवली.

दुसरा फुगरू छत्तिसावर पोचला त्या दिवशी टायपिस्टबाई रजेवर होत्या आणि बटणं मास्तर दाबत होता. माझ्या टेबलावरचा फोन वाजला. “मी बोलतोय,” साहेबांचा आवाज आला. “मी आपल्याच लिफ्टमध्ये अडकलोय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये.”

“घाबरू नका,” मी सवयीनं म्हणालो. “आमचा माणूस निघालाय.”

आमचा माणूस दाराच्या आत मांडी घालून बसला होता. “मास्तर, साहेब लिफ्टमध्ये अडकलेत.”

“किती जण आहेत आत?”

“एकटेच.”

“मग हवा पुरेल,” मास्तर मान वर न करता म्हणाला. “चारच फळं राहिलीत.”

चार फळांना वीस मिनिटं लागली. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला हुबेहूब दांडगोरासारख्या आठ्या पडल्या होत्या. आम्हा दोघांना लेखी खुलासा द्यावा लागला. मी ‘तांत्रिक कारण’ असं लिहिलं. मास्तरनंही तेच लिहिलं, फक्त ‘तांत्रिक’ची वेलांटी चुकवली.

पण चाळिसावी लेव्हल झाली! नाव मुटकू, प्रथम पकडणारा आप्पा, मान वाकडी, डोळे टुकूटुकू. अदलाबदल करून तो सासूबाईंच्या कन्सोलवर आला आणि त्याच्या बदल्यात खरा, वाढलेला मुटकू मास्तरकडे गेला. बायकोनं तीन वेळा उलटसुलट बघून “तोच आहे,” असा निर्वाळा दिला. मी जग जिंकलं होतं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी स्क्रीन बघायला परवानगी दिली. सासूबाईंनी कन्सोल हातात घेतला. मी समोर उभा, बायको दारात. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा पडला.

“हा लहानच आहे,” त्या म्हणाल्या.

“लहानच होता ना, आई.”

“होता. पण आता नसेल असं वाटलं होतं.” त्यांनी कन्सोल मांडीवर ठेवला. “यांनी देताना सांगितलं होतं, याला मोठा कर म्हणून. माझ्या हातून होईना. चार वर्षं दरवेळी अंगठा अडतो. मग म्हटलं, जावईबापूंना बजावून सांगावं की याला हात लावू नका. म्हणजे ते नक्की लावतील.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? अकरा वर्षांत एक काम तुमच्या हातून धड झालेलं नाही. त्या भरवशावर दिला होता. तर तुम्ही नेमके याच वेळी शहाण्यासारखे वागलात.”

“नाही वागलो!” मी जवळजवळ ओरडलोच. “आई, शपथेवर सांगतो, मी वाट लावली होती. पहिल्याच संधीला!”

त्यांचा विश्वास बसेना. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. बायकोनं साक्ष दिली. तरी त्यांना शंका. शेवटी मास्तरला फोन लावला आणि त्यानं स्पीकरवर पहिल्या चुकीपासून अडतिसाव्या लेव्हलच्या अंगठ्यापर्यंत सगळं सविस्तर सांगितलं. माझ्या बिनडोकपणाची इतकी कळकळीची वकिली आजवर कोणी केली नव्हती. ऐकता ऐकता सासूबाईंचा चेहरा खुलत गेला.

संध्याकाळी मास्तर येऊन खरा मुटकू परत देऊन गेला. सासूबाईंनी त्या सुळेवाल्या धिप्पाड प्राण्याकडे कौतुकानं बघितलं आणि त्याला स्वतःच्या हातानं खाऊ घातला. त्यानं मान वाकडी केली.

“अगदी यांच्यासारखी,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत म्हणून सांगितलंय. नाहीतर मी आत्ता रडले असते.”

बायकोनं त्यांचे डोळे अलगद टिपले. मी आपला खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण मलाही तेच होत होतं.

त्या दिवसापासून घरात माझा भाव वधारला. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “आमचे जावई फार भरवशाचे आहेत.” बायकोच्या मते हे कौतुक नाही. मी खोलात गेलो नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी आप्पांचा जुना टेबलपंखा माझ्यापुढे आणून ठेवला. चालत नाही, नुसता खडखडतो, पण त्यांना तो टाकवत नाही. “जरा उघडून बघा हो, दुरुस्त होतोय का,” असं म्हणून त्या लगबगीनं बाहेर गेल्या. मी पंखा उघडला. तीन दिवस त्या येऊन जमिनीवर पसरलेले भाग बघायच्या आणि समाधानानं परत जायच्या. काल मी सगळं जोडलं, बटण दाबलं आणि पंखा आवाज न करता गरगर फिरायला लागला.

सासूबाई कालपासून माझ्याशी बोलत नाहीत.