‘हाय’ म्हणायची सोय नाही

“आजपासून या घरात एकच डबा बोलंल,” कमळाकरने जाहीर केलं. रेडिओ, टेप, डबडा टीव्ही, सगळं अब्बासच्या भंगाराच्या टेंपोत जाणार होतं. बदल्यात कळंबच्या त्या घरात आला होता वाटीएवढा स्पीकर. ‘हाय’ म्हणायचं, की आतली बाई गाणी लावते, बातम्या सांगते, फोनसुद्धा जोडते.

हा डबा ज्याने बनवला त्याने आमच्या गावाचं तोंड पाहिलेलं नसणार. त्याच्या लेखी मराठी म्हणजे पुस्तकातली. इथे ‘आहे’ म्हणतो कोण?

“चहा हाय का?” कमळाकरने विचारलं.

“बोला, काय करू?” डब्यातली बाई.

“दूधच संपलं हाय,” येसूबाई म्हणाली.

“बोला, काय करू?”

“गप पड,” म्हणत येसूबाईने बायकोच्या हक्काने नवऱ्याच्या डब्यावर गोधडी टाकली.

अब्बास आला. सगळं टेंपोत चढलं, राहिला फक्त टेप. लग्नाच्या वर्षी घेतलेला, म्हणून कमळाकर अलीकडे त्याला ‘म्हातारी’ म्हणायचा. येसूबाई तो मांडीवर घेऊन बसली.

“काकी, द्या की,” अब्बास म्हणाला.

“हिच्यात माज्या दीक्षाचा लहानपनीचा आवाज हाय. पायजे तर लेकीला इचारा.”

“लेकीला फोन लावते,” गोधडीखाली बाई पुटपुटली. कमळाकर तापला होता, कोण ऐकतो?

तिकडे शेलूला, सासरी, दीक्षाने फोन उचलला. कानावर बापाचा आवाज आला.

“म्हातारीचा आवाज जाऊन किती वर्सं झाली. पोटातला पट्टा तुटलाय. कवर सांबाळायची? अब्बास, उचल, टाक टेंपोत.”

“माजा जीव गेला तरी नाय नेऊ देनार,” आई रडत होती.

“काका, आडवी टाकू का उभी?” तिसरा आवाज.

कळंबच्या घरात म्हातारी एकच, दीक्षाची आजी चंद्राबाई. नोकरी, लेकरं, घर या रगाड्यात पावसाळ्यापासून माहेरी न फिरकलेली पोरगी पायात सापडेल ती चप्पल घालून रिक्षात बसली.

ती पोचली तेव्हा येसूबाई तशीच टेप धरून होती, अब्बास दुसरा कोरा चहा पीत होता आणि चंद्राबाई दारात वाल सोलत होती. दीक्षाने तिला मिठीच मारली.

“आजी, मी तुला कुठं नाय जाऊ देणार.”

“मी कुटं चाललेय गं?”

“बाबा, लाज नाय वाटत? आजीला भंगारात घालता?”

“ताई,” अब्बास कप ठेवत म्हणाला, “मी मानसं घेत नाय.”

उलगडा झाल्यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती चंद्राबाई. दीक्षाने डोळे पुसले, केसांचं रबर काढलं आणि तुटलेल्या पट्ट्याच्या जागी चढवलं. टेप घरघरला. रबर पडलं सैल, टेप फिरला हळू, त्यामुळे चार वर्षांच्या दीक्षाचा आवाज थेट फौजदाराचा निघाला.

“आये... मी तुला सोडून... कुटं नाय जानार.”

हसता हसता दीक्षा आईला टेकून बसली. “आज ऱ्हाते मी,” ती हळूच म्हणाली.

कमळाकरने टेप उचलला आणि फळीवर, रेडिओच्या रिकाम्या जागी, सरळ करून ठेवला. येसूबाईने पदराने त्यावरची धूळ पुसली. मग त्याने डब्यावरची गोधडी काढली आणि सगळ्यांकडे पाठ करून पुटपुटला, “बाई, तुजं लय उपकार हाय. लेकीला घरी आनलंस.”

“लेकीला फोन लावते.”

दीक्षाच्या पर्समध्ये फोन वाजू लागला.

“उचल गं,” चंद्राबाई वाल सोलत म्हणाली, “बघ, आता कोनाला टेंपोत घालतायत.”