कपाटावरचा हत्ती

आधीच सांगून ठेवतो, दादाला मी हरवणार होतो! बारा वर्षांपूर्वी तो "विमान चुकेल" म्हणत बुद्धिबळाचा डाव अर्धा टाकून उठला आणि परदेशीच राहिला. तेव्हापासून तो पट कपाटावर जसाच्या तसा आहे. चाल दादाची. आमच्या हिला मी त्याच्या आसपास फडकंसुद्धा फिरवू दिलेलं नाही.

आता दादा आमच्याच गावात स्पर्धेला येणार होता. रविवारी खेळायचं, सोमवारी परत. "घरी यायला जमेलसं वाटत नाही रे," तो फोनवर म्हणाला. मग काय, मीच स्पर्धेत उतरायचं ठरवलं!

बुद्धिबळ संघटनेच्या कार्यालयातले कारकून म्हणाले, "राष्ट्रीय सभासदत्व लागेल."

"द्या की!"

"पंचेचाळीस दिवस लागतात."

"अहो, स्पर्धा रविवारी आहे!"

"मग उशीर करू नका. आजच अर्ज भरा."

"आणि माझा भाऊ? तो तर आता इथला नागरिकसुद्धा नाही!"

"ते त्यांच्या देशाचे सभासद आहेत. तुम्ही इथले, म्हणून तुम्हाला इथलं लागतं."

म्हणजे देश सोडून गेला तो आत, आणि जन्मात इथून हललो नाही तो मी बाहेर! हा कुठला न्याय? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चष्मा पुसत मी पुटपुटलो, "घड्याळजीला कोण विचारतो!"

"घड्याळजी?" कारकून ताडकन उठले. "अहो, आमची डावाची वेळ मोजायची निम्मी घड्याळं बंद पडलीत!"

रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन ऐटीत आत शिरलो. सगळी घड्याळं ठणठणीत केली. फक्त दादाच्या टेबलावरच्या घड्याळात मुद्दाम मरतुकडा सेल घातला. ते बंद पडणार आणि मला बोलावणार! पडलं. बोलावलं. दादाचे केस पांढरे झाले होते. घड्याळावर वाकून मी कुजबुजलो, "दादा, तुझा हत्ती अजून तिथेच उभा आहे रे."

समोरचा खेळाडू किंचाळला, "पंच! हा चाल सांगतोय!"

पंच धावत आले. "कुठला हत्ती?"

"कपाटावरचा!"

पंचांना ती आमची ठरलेली खूण वाटली. पाच मिनिटांत मी बाहेर, आणि माझ्या मागोमाग दादाही! स्पर्धेतून बाद! पायऱ्यांवर बसलो, पण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

"आता उद्यापर्यंत रिकामाच आहे मी," दादा म्हणाला. "चल घरी."

मी हिला फोन केला. आम्ही पोचलो तर ही दारातच हसत उभी. "भाऊजी येणार म्हणून पट खाली काढला, लख्ख पुसला आणि सगळ्या सोंगट्या नीट ओळीत लावून ठेवल्या!"

मी मटकन खाली बसलो.

दादा मात्र खूश! "बरं झालं. मी हरत होतो. त्या दिवशी विमानाला चांगले पाच तास होते रे."

बारा वर्षं जपला होता मी तो डाव!

आता डाव पहिल्यापासून मांडलाय. विमान उद्या दुपारी आहे, म्हणून दाराला आतून कुलूप घातलंय. या वेळी हरतोय मीच. पण खरं सांगू का, चाल करायची मला काही घाई नाही.