फक्त दोघांची सहल

सहल आखावी तर श्रीधर सरांनी, हे महाडमध्ये कोणीही सांगेल. कोणी नाही सांगितलं तर सर स्वतः सांगतील. शाळेत भूगोल शिकवता शिकवता त्यांनी एकेचाळीस सहली नेल्या होत्या. कुठल्या वळणावर मुलांना मळमळतं आणि कुठल्या धाब्यावर मिसळ झेपत नाही, सगळं तोंडपाठ. त्यामुळे चारुशीलाबाई जेव्हा म्हणाल्या, "लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, कुठेतरी जाऊ या," तेव्हा सरांनी चहाचा कप बाजूला सारला आणि नकाशाच पसरला.

"पण फक्त दोघं," बाई म्हणाल्या.

याला कारण होतं. लग्नानंतर बाईंनी वेरूळ पाहिलं, पन्हाळा पाहिला, गणपतीपुळे तर चारदा पाहिलं. प्रत्येक वेळी सोबत साठ मुलं आणि बाईंच्या मांडीवर औषधांची पिशवी. या वेळी त्यांना नाशिकच्या द्राक्षबागा बघायच्या होत्या. आणि बागेकडे तोंड करून बसून, आयुष्यात एकदा, एक ग्लास वाइन चाखायची होती.

"मला नशा नकोय हो," त्या म्हणाल्या. "कोणाला काही द्यायला न उठता एका जागी बसायचंय. समोर तुम्ही. बस्स."

सरांना मनातून फार वाईट वाटलं. पंचवीस वर्षांत बायकोने मागून मागून काय मागितलं, तर खुर्ची. त्यांनी शब्द दिला.

आठवडाभर खपून त्यांनी बेत आखला. फेब्रुवारीतला शनिवार, माणगावहून ताम्हिणी, मग चाकण, सिन्नर, नाशिक. तिकडे शंभरेक वर्षांपासून द्राक्षं लावतात, तेव्हा आधी जुन्या बागा आणि मग नव्या, असा इतिहासाला धरून क्रम. चहाला अकरा मिनिटं. रविवारी दुपारी बारा वाजता वायनरीत दोघांचं टेबल, फोन करून राखलेलं. अडचण एकच होती. सर शाळेच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते.

काशीरामच्या किराणा दुकानात ते प्रवासासाठी चिवडा घ्यायला गेले, आणि घात झाला.

"काय सर, कुठं दौरा?" काशीरामने विचारलं.

"नाशिक," सर म्हणाले. काशीरामच्या भुवया वर जाताना दिसल्या, तसं त्यांनी घाईघाईने जोडलं, "म्हणजे त्र्यंबकेश्वर."

आता आपल्याकडे तीर्थाला निघालेला माणूस स्वतःचा राहत नाही, तो गावाचा होतो. संध्याकाळपर्यंत सरांच्या ओटीवर देवाला वाहायला दिलेले नऊ नारळ जमले. एका नारळाला चिठ्ठी चिकटवली होती, "श्रियाच्या बारावीसाठी". दुसऱ्या दिवशी काशीराम आपल्या आईला घेऊन आला. सरांच्या गाडीत मागची सीट रिकामीच आहे, तर आई येईल, आणि आईला धरायला मी येईन, असं त्याचं सरळ गणित होतं. सर नाही म्हणायला तोंड उघडतायत तोच दारात रंगूबाई उभी राहिली.

रंगूबाई कुडपणची. तिची दोन्ही मुलं सरांच्याच हाताखाली शिकली आणि मुंबईला गेली. सत्तरीची बाई डोंगर उतरून, एसटीने महाडला आली होती, काखेत बोचकं घेऊन.

"गुरुजी, तुमी त्रंबकला चाललाव म्हून आयकला," ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याची लय विच्छा व्हती. त्यो तर गेला बघायचा ऱ्हाऊन. पोरांना टाईम नाय. मी कोपऱ्यात बसन, तरास नाय देनार."

अशा बाईला नाही म्हणायची विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती.

हे सगळं मुरारीच्या कानावर गेलं. मुरारीची महाड-पोलादपूर फेऱ्या मारणारी सतरा सीटांची गाडी होती. "सर, म्हाताऱ्या माणसांना कशाला कोंबताय? माझी गाडी हाय ना," तो म्हणाला. गाडी सतरा सीटांची आहे म्हटल्यावर त्या भरायला दासगावपर्यंतची माणसं तयार झाली. शुक्रवारी सरांनी सवयीप्रमाणे यादी केली. मुरारीसकट पंधरा नावं, वय, रक्तगट, कोणाला कसली गोळी.

बाईंनी यादी वाचली आणि परत दिली. जरा वेळाने त्यांनी फळीवरून औषधांची पिशवी उतरवली, तेव्हा सरांना तिकडे बघवेना.

"चारू, टेबल मी रद्द केलेलं नाही," ते म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.

शनिवारचा प्रवास झाला, धर्मशाळेत मुक्काम झाला, रविवारी सकाळी दर्शन झालं. रंगूबाईने नवऱ्याच्या नावाने हात जोडले, तेव्हा सरांना क्षणभर वाटलं की झालं ते बरंच झालं. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या काशीरामच्या आईच्या चपला शोधत होत्या. गाडी सुटल्यावर सर दांडा धरून उभे राहिले.

"मी तुमच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "आम्ही दोघं त्र्यंबकला निघालोच नव्हतो. वाइन चाखायला निघालो होतो."

काशीरामच्या आईने चष्मा काढून पुसला. सरांनी मनातल्या मनात समितीचा राजीनामा लिहायला घेतला.

"द्राक्षांचीच ना ती?" रंगूबाईने विचारलं.

"हो."

"मंग फळच हाय की. देव झाला, आता फळ."

"मला नको, मला गाडी हाकायचीय," मुरारी पुढून म्हणाला. "बाकीच्यांचं बघा."

"सर, मी कालच विचारणार होतो," काशीराम हळूच म्हणाला. "पण तुम्ही पडलात अध्यक्ष."

दोघांच्या टेबलाशी सतरा माणसं पोचली. सरांनी बाईंना खुर्ची दिली, "आलोच" म्हणाले आणि गेले. कोणाला नुसता रस हवा होता, कोणाला द्राक्षांना माती कसली लागते ते कळत नव्हतं, आणि कळत नसलेला माणूस दिसला की सरांना राहवत नसे. त्यांनी उतार, निचरा, थंडी, सगळं समजावलं. रंगूबाईने एक घोट घेऊन "काढ्यापरास बरी" असा निकाल दिला. काशीरामच्या आईने मत बनवायला दुसरा ग्लास मागितला. दीड वाजता सरांनी शिट्टी वाजवली, दारात उभं राहून माणसं मोजली, यादीशी ताडून पाहिली. पंधरा. गाडी सुटली.

सिन्नरला चहाला थांबले तेव्हा रंगूबाई म्हणाली, "गुरुजी, बाई कुठं हायत?"

"मागे असेल," सर म्हणाले. मागे औषधांची पिशवी होती. सरांनी पुन्हा यादी काढली. पंधरा नावं, सगळी बरोबर. चारुशीलाचं नाव त्यात नव्हतंच. एकेचाळीस सहलींच्या एकाही यादीत ते नव्हतं. आजवर त्यांनी सगळ्यांना मोजलं होतं आणि तिला कायम आपल्यातच धरलं होतं. त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

त्यांनी फोन लावला. "चारू, कुठे आहेस?"

"टेबलाशी."

"गाडी सुटताना हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही मोजत होतात," बाई म्हणाल्या. "मध्ये बोललं की चुकतं म्हणता ना?"

सगळी गाडी मागे वळायला तयार होती. काशीरामची आई तर फारच तयार होती. पण सर जन्मात पहिल्यांदा पंधरा माणसांना नाही म्हणाले. "तुम्ही महाडला जा. मी एकटाच जातो."

"जावा," रंगूबाई म्हणाली. "आन् उद्याच्याला या. आज नगं."

मिळेल त्या एसटीने आणि पुढे रिक्षाने सर परत पोचले, तेव्हा उन्हं कलली होती. बाई बागेकडे तोंड करून बसल्या होत्या. समोर एक ग्लास, तोही निम्मा. सर समोरच्या खुर्चीत बसले.

वेटर आला. "किती जण, सर?"

सरांनी सवयीने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"दोन," ते म्हणाले.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

सरांनी खात्रीसाठी टेबलाखालीही एकदा वाकून पाहिलं.