फ्रिजमधल्या चोवीस वाट्या

लोर्ना हाव्लिकने ईस्टरपर्यंतच्या उपवासात गोड सोडलं होतं, म्हणून शुक्रवारी दुपारच्या सहभोजनात ती गोडाच्या टेबलाकडे फिरकलीच नाही. फिरकली असती तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

नेब्रास्कातल्या त्या छोट्या कम्युनिटी कॉलेजात ती 'जीवशास्त्र आणि समाज' शिकवायची. तासांवर नेमलेली; ना स्वतःची खोली, ना प्रयोगशाळेचा फ्रिज. जंतू वाढवायच्या प्रयोगासाठी कोंबडीच्या रश्श्यात साखर आणि घट्ट करणारी अगर-अगर पूड घालून तिने जेली केली होती. त्या चोवीस झाकणबंद वाट्या तिने स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. ऑफिसातल्या मार्लिसने त्या पाहिल्या, गोडाची जेली समजून वर फेटलेलं क्रीम घातलं आणि टेबलावर मांडल्या. जेलीशिवाय त्या गावात सहभोजन होतच नाही.

डीन हार्लन स्टबी यांनी प्रार्थना म्हटली आणि दोन वाट्या संपवल्या. "जरा खारट झालीय," ते म्हणाले, "पण खायला बरी आहे हं."

शनिवारी सकाळपर्यंत नऊ जण आजारी पडले. डीनसाहेब त्यातलेच.

सोमवारी ते फिकट चेहऱ्याने थेट वर्गात आले. हातात कागद होता. "लोर्नाबाई, तुम्ही आम्हाला जंतू खायला घातलेत. हा वर्ग पुढच्या सत्रापासून बंद."

"साहेब, त्या वाट्या कोऱ्या होत्या, जंतू घालायच्या आधीच्या. जंतूंच्या वाट्या उबेच्या कपाटात आहेत, पाहिजे तर मोजून घ्या."

"मग मी दोन दिवस काय उगाच संडासात काढले?"

मागच्या बाकावरून व्हर्ना उठली. अठ्ठावन्न वर्षांची, शाळेची बस चालवणारी. हा वर्ग पुढे चालला तरच तिला नर्सिंगला अर्ज करता येणार होता. "साहेब, बाईंनी आम्हाला शिकवलंय, आजारी माणसांनी काय खाल्लं ते विचारायचं, आणि धडधाकट माणसांनी काय खाल्लं तेही. एक तास द्या."

"एक तास. त्याच्यावर मिनिट नाही."

विद्यार्थी वह्या घेऊन ऑफिसांमधून पांगले. लोर्ना टेबलाशी उभी राहून मनातल्या मनात प्रार्थना पुटपुटत होती. डीन पहिल्या बाकावर बसून घड्याळाकडे बघत होते.

तासाभरात व्हर्नाने फळ्यावर आकडे मांडले. जेली बारा जणांनी खाल्ली, त्यातले चौघेच आजारी. बटाट्याचं सॅलड दहा जणांनी घेतलं, त्यातले नऊ आजारी. नऊच्या नऊ.

"आणि दहावा?" डीननी विचारलं.

दाराशी उभी असलेली मार्लिस लाजली. "ती मी. वास काही बरा वाटेना, म्हणून मी ते हळूच खिडकीतल्या कुंडीत टाकलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही."

"तुम्हाला म्हणजे कोणाला?" व्हर्ना खडू घेऊन वळली. "ते सॅलड आणलं कोणी होतं?"

मग पहिल्या बाकावरून एक हात हळूहळू वर गेला.

"साहेब, तुम्ही?"

"माझ्या आईची पाककृती आहे," डीन पडेल आवाजात म्हणाले.

"केलं कधी? ठेवलं कुठे?" व्हर्नाने बसमध्ये दंगा करणाऱ्या पोरांना विचारावं तसं विचारलं.

"सकाळी सहाला. मग केबिनमध्ये."

"केबिनमध्ये कुठे?"

"हीटरवर... भांडं तिथंच नीट बसतं."

कोणीतरी खुदकन हसलं. लोर्नाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ती हलकेच म्हणाली, "साहेब, मेयोनीज-अंड्याचं काही सहा तास उबेत राहिलं की असं होतंच. माझ्याही घरी झालंय एकदा. लाजायचं काही नाही त्यात."

डीन बाकावरून उठले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावरचा 'बंद' शब्द खोडला आणि त्यावर लिहिलं, 'दोन तुकड्या, आणि एक फ्रिज.' सही केली, कागद लोर्नाच्या टेबलावर ठेवला आणि ते दारापर्यंत गेले. तिथून परत वळून त्यांनी पुन्हा हात वर केला.

"बाई, हे सॅलडचं... परीक्षेला नाही ना येणार?"

"पहिलाच प्रश्न," व्हर्ना म्हणाली.