दहा हॉर्सपॉवरचा तानपुरा

भिमाबाईंनी सकाळीच गिरणीच्या दाराला पाटी लावली : ‘अकरा ते साडेअकरा दळण बंद. गिरणी चालू.’

धामणगाव बढ्यात या पाटीचा अर्थ खुद्द त्यांच्या नवऱ्यालाही लागला नाही. “दळण बंद, तं गिरणी काऊन चालू?” जानरावांनी विचारलं.

“परीक्षा हाय माही! रिकामी चालू द्या. कोणाचा एक दाणाबी टाकू नका.”

वर्षभरापासून भिमाबाई मोबाईलवरून पुण्याच्या संजीवनीताईंकडे शास्त्रीय गाणं शिकत होत्या. तानपुऱ्याचं ॲप होतं, पण मोबाईल एकच; क्लास सुरू झाला की ॲप गप्प. मग त्या गिरणीमागच्या खोलीत बसून गिरणीच्या घुमण्यावरच सा लावू लागल्या. बावीस वर्षं कानात बसलेला तो आवाज भिंतीतून मऊ होऊन यायचा आणि ताईंना तानपुराच वाटायचा. आज भूप राग जमला तर पुढची तुकडी. नाहीतर तिसऱ्यांदा सात-सात वर्षांच्या लेकरांसोबत सारेगम. त्यातली एक चिमुरडी दर वेळी “आजी, पुन्हा नापास?” विचारायची. ते भिमाबाईंना फार झोंबायचं.

अकराला भूप सुरू झाला. छान चालला होता, तेवढ्यात शेजारच्या रुखमाबाई गव्हाचा डबा घेऊन गिरणीच्या दारात.

“जानरावभाऊ, जवाई येऊन बसले घरी अन् पीठ मूठभर नाही!”

जावयापुढे जानरावांचं काय चालणार? त्यांनी गहू ओतला. गिरणीवर भार पडला, आवाज खाली आला आणि त्यामागोमाग भिमाबाईंचा सा इमानदारीत खाली उतरला.

“थांबा,” ताई म्हणाल्या. “तानपुरा उतरलाय. जुळवून घ्या.”

भिमाबाई भिंतीकडे वळून ओरडल्या, “अवो, गहू काढा!”

“काय काढा?” ताई चक्रावल्या.

उत्तर द्यायच्या आतच लाइट गेली. गिरणी थंड.

“तानपुरा बंद पडला का? मग तसंच गा,” ताई म्हणाल्या. “एकदाच.”

भिमाबाईंनी डोळे मिटले. गिरणी बंद होती, पण कानातली चालूच होती. त्यांनी सा लावला आणि भूप उलगडत गेल्या. रुखमाबाई जावयाला विसरून डब्यावर बसल्या. जानराव गहू काढून झाल्यावर भिंतीला कान लावून उभे राहिले.

शेवटचा सा लांबला असतानाच लाइट आली. जानरावांनी धावत जाऊन बटण दाबलं. रिकामी गिरणी घुमत घुमत वर चढली आणि बरोबर भिमाबाईंच्या सुरावर येऊन थांबली.

“वा! पास. पुढची तुकडी!” ताई म्हणाल्या. “एवढा सुरेल तानपुरा कुठून आणलात? मिरजेहून?”

“नाही ताई, घरचाच हाय. दहा हॉर्सपॉवरचा.”

भिंतीपलीकडून जानरावांनी भीत भीत विचारलं, “आता टाकू का गहू?”

“हाव, टाका!” भिमाबाई पदर खोचत उठल्या. “आता कोणाच्याबी गव्हानं माहा सा उतरत नाही.”